सोफ्याचा डावा कोपरा

आमचे मोठे दीर वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारात, गल्लीत, अगदी नातेवाइकांतसुद्धा त्यांना ‘काटेवाले’च म्हणतात, मी भाऊजी म्हणते. सोनाराच्या नाजूक काट्यापासून गोदामातल्या पोती मोजायच्या काट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जातं. त्यांच्याकडे पितळी वजनांची एक पेटी आहे, आतून मखमल लावलेली. त्यातलं वजन ते कधी बोटांनी उचलत नाहीत, चिमट्याने उचलतात. बोटाचा घाम लागला तरी माप बदलतं म्हणे. काम करताना हा माणूस दगडासारखा स्थिर असतो, श्वाससुद्धा मान वळवून बाजूला सोडतो.

काम संपलं की मात्र त्यांचं बूड कुठे टिकत नाही. जेवताना पाय हलतो, आणि तो इतका हलतो की टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याला कापरं भरतं. बोलता बोलता उठतात, खिडकी उघडतात, पुन्हा येऊन बसतात, मग आपण खिडकी का उघडली हे आठवायला पुन्हा उठतात. मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्या म्हणतात, “दिवसभर काटा स्थिर करायचा, म्हणून घरी आल्यावर स्वतः डुलत असतील.”

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांची आतली खोली म्हणजे भाऊजींचं सिनेमाचं राज्य. समोर टीव्ही, त्याच्या खाली एक आडवा स्पीकर, दोन्ही बाजूंना दोन उभे, मागे दोन छोटे, आणि कोपऱ्यात घुमणाऱ्या आवाजाचा एक काळा ठोकळा. सगळं जुनं घेतलेलं. नवी कोरी वस्तू त्या खोलीत एकच, भिंतीचा रंग. मधोमध भाऊजींची खुर्ची आणि तिच्या डाव्या अंगाला, भिंतीला चिकटून, दोन माणसांचा सोफा.

त्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात ताई बसत. बसत म्हणजे, पूर्वी. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्या सिनेमा अर्ध्यात ठेवून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि कानात इअरफोन घालून तिथेच उरलेला सिनेमा बघितला. तेव्हापासून त्या तिथेच बघतात. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तर एवढंच म्हणाल्या, “तिथे धडामधुडूम सगळं ऐकू येतं, बोललेलं तेवढं कळत नाही. दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणाला?’ विचारायचं, की हे सिनेमा थांबवून, मागे नेऊन, तेच वाक्य मोठ्याने लावणार. मला नको ती शाळा.”

भाऊजींना हे लागलं होतं. बोलून दाखवलं नाही, पण तीन वर्षं त्या खोलीत त्यांनी एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही. खुर्चीवर बसायचं, दहा मिनिटांनी उठून एखादी वायर चाचपायची, रिमोटने काहीतरी कमीजास्त करायचं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं.

यंदा त्यांचा जुना प्रोसेसर आजारी पडला. प्रोसेसर म्हणजे आवाजाची वाटणी करणारा डबा. कोणता आवाज कोणत्या स्पीकरने काढायचा हे तो ठरवतो. टीव्ही बदलल्यापासून त्याच्याशी याचं पटेना. मधेच चित्र काळं व्हायचं. डबा बदलणं भाग होतं, आणि भाऊजींच्या डोक्यात आलं की ताईंच्या तक्रारीचं मूळही इथेच असणार. नव्या डब्यांना एक माइक येतो. तो माइक खोलीचा आवाज ऐकतो आणि त्या खोलीला शोभेल असं सगळं स्वतःच जुळवून घेतो. “एकदा का हे झालं,” ते मला म्हणाले, “की सुईसारखं बोललेलं ऐकू येईल. बघशील.”

ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. हातातल्या कापडाची टाचणी दातात धरली होती, ती काढून म्हणाल्या, “घ्या. पण जुनाच घ्यायचा, आणि आधीचा डबा नि पडून असलेले दोन स्पीकर विकून येतील तेवढ्यातच बसवायचा. आणि एक अट. सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी मधे एकदाही ‘काय म्हणाला?’ विचारणार नाही, अशी वेळ आणा. आणलीत तर मी पुन्हा तिथे येऊन बसेन. नाही आणलीत, तर त्या खोलीत माझं शिवणाचं मोठं टेबल येईल. दहा वर्षं जेवणाच्या टेबलावर कापड बेततेय मी.”

“झालं म्हणून समज,” भाऊजी म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांचा पाय हलायला लागला.

मग सुरू झालं संशोधन. फोनवर जुन्या सामानाच्या जाहिराती. जिन्यात भेटले तरी फोन पुढे. प्रत्येक विकणाऱ्याला ठरलेले प्रश्न: रोज किती तास चालू असायचा? कपाटात कोंडलेला होता की उघड्यावर? मागची वायरींची सगळी भोकं चालतात का? कधी उघडून दुरुस्त केलाय? माइक आहे का? रिमोट मूळचा का? ताई शिवता शिवता ऐकत होत्या. मला म्हणाल्या, “मला बघायला आले होते ना, तेव्हा एकच प्रश्न विचारला होता यांनी. ‘पाणी मिळेल का?’”

पहिला डबा बघायला जायचं ठरलं तेव्हा ताईंनी मला पाठवलं. “तुझा नवरा गेला तर भावाच्या हो ला हो करेल. मी गेले तर दारातच वाजेल. तू जा. आणि डोळे उघडे ठेव.”

विकणारे होते एक निवृत्त बँक मॅनेजर. डबा कसला, हत्ती होता तो. दोघांनी मिळून टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कुरकुरलं. एके काळी त्या कंपनीचा सगळ्यात वरचा म्हणे, किंमत विचारायची सोय नव्हती. आता आठ-नऊ वर्षं जुना, नव्या चित्राची भाषा त्याला येत नाही म्हणून आपल्या आवाक्यात आलेला. भाऊजींनी त्याच्या जाड पत्र्यावरून असा हात फिरवला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“चित्र सरळ टीव्हीला देऊ,” ते हळूच मला म्हणाले, “आणि आवाज तेवढा याला. जमतं तसं.”

“आणि याचा माइक?” मी विचारलं. मला बाकीचं काही कळत नव्हतं, पण माइक हा शब्द पंधरा दिवस जिन्यात ऐकत होते.

मॅनेजर जरा घुटमळले. “घर बदलताना कुठे गेला कोण जाणे. पण माइक काय हो, कुठलाही चालेल. बाजारात पैशाला पासरी पडलेत.”

भाऊजींचा हात पत्र्यावरून उचलला गेला. “कुठलाही नाही चालत. त्याच्याच जोडीचा लागतो,” ते म्हणाले. मॅनेजरांना ते पटलं नाही. जिना उतरताना भाऊजी स्वतःशीच पुटपुटले, “दुसऱ्याची वजनं घेऊन आपला काटा तपासायचा नसतो.”

इथे विषय संपायला हवा होता. पण मन कसलं ऐकतंय. पुढचे चार दिवस ते हत्तीभोवतीच फिरत होते. मॅनेजरांना दोनदा फोन केला, सापडला का माइक म्हणून. हत्ती पुन्हा मिळणार नाही म्हणायचे, मग हत्तीला माइक नाही म्हणायचे, आणि दोन्ही वाक्यांच्या मधे गॅलरीत एक फेरी. शेवटी ताई म्हणाल्या, “नाकापेक्षा मोती जड आहे हो तो. सोडा आता, माझी शिलाई वाकडी जायला लागलीय तुमच्या फेऱ्यांनी.”

दुसरा डबा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, वाट बघायच्या खुर्च्यांच्या मधे, मूळच्या खोक्यात ठेवलेला. तीन वर्षांचा, हत्तीच्या निम्म्या वजनाचा, दिसायला अगदी साधा. त्यांच्या यजमानांनी आता मोठा घेतला होता. भाऊजींनी खोक्यात हात घातला आणि एक छोटी पिशवी बाहेर काढली. आत माइक, वायरीला कारखान्याची तार जशीच्या तशी पिळलेली.

“हे तुम्ही वापरलंच नाही?”

“ते कशासाठी असतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भाऊजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या दात न घासणाऱ्या माणसाकडे बघत असतील.

दाढ धरून बसलेल्या एका आजोबांच्या देखत त्यांनी मागचं एकेक भोक तपासलं. एक सैल निघालं. ते आपल्याला लागणारं नव्हतं, पण त्यावरून किंमत मात्र थोडी खाली आली. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरत. समोरच्या बाई मला विचारत्या झाल्या, “देव आहे का हो आत?”

रविवारी दुपारी मापाचा कार्यक्रम झाला. माप घेताना शांतता लागते. पंखा बंद. फ्रिज बंद. ताईंचं शिवणयंत्र बंद. खाली येऊन माझा कुकरसुद्धा त्यांनी गॅसवरून उतरवायला लावला. आम्ही सगळे जिन्यात उभे, चपला हातात घेऊन, आणि आतून एकामागून एक स्पीकरचा शिट्टीसारखा आवाज, खालून वर चढत जाणारा. भाऊजींनी टेपने आपल्या कानाची जमिनीपासूनची उंची मोजली होती. बरोबर तेवढ्या उंचीवर, खुर्चीत, तिपाईला बांधलेला माइक. तासाभराने बाहेर आले ते घामाने निथळत आणि चेहऱ्यावर मात्र लखलखाट.

संध्याकाळी ताई येऊन बसल्या. आपल्या जुन्या जागी, डाव्या कोपऱ्यात. उशी पाठीशी घेतली. मी दाराशी.

आठव्या मिनिटाला त्यांचे ओठ हलले. त्यांनी स्वतःला आवरलं. चौदाव्या मिनिटाला मात्र निघून गेलं तोंडातून, “काय म्हणाला?”

भाऊजींचा अंगठा रिमोटवर गेला, सवयीने. मग तो तिथेच थांबला. पडद्यावरची माणसं बोलत राहिली.

“टेबल कधी मागवू?” ताई उठता उठता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“एक आठवडा दे.”

“पुढचा रविवार. त्यानंतर मी सुताराला बोलावते.”

तो आठवडा त्या घरात पारा सांडल्यासारखा गेला. भाऊजींनी सोमवारी पुन्हा माप घेतलं, मंगळवारी पुन्हा. तिन्ही वेळा आकडे तेच. म्हणजे डबा खोटं बोलत नव्हता. मग डबा परत द्यावा का? हत्तीच घ्यायला हवा होता का? मॅनेजरांना फोन लावला, तर हत्ती गेला होता. ते ऐकून जेवणावरून उठले. खुर्चीत बसायचे, ऐकायचे, “मला तर लख्ख ऐकू येतंय!” म्हणायचे आणि वैतागून उठायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “हिला कानाच्या डॉक्टरकडे न्यावं का गं?”

“स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं त्यांना,” मी म्हटलं. “आता तुम्ही बोललात तेसुद्धा आलं असेल.”

“आलं,” आतून ताई.

बुधवारी मी वर गेले ती ताईंचा भाजीचा रिकामा डबा परत द्यायला. भाऊजी गॅलरीत मांडी घालून बसले होते, पुढे किराणा दुकानातला एक सपाट काटा, ताटाएवढ्या पाटाचा. त्यांनी मधोमध वजन ठेवलं, आकडा पाहिला. मग तेच वजन उचलून पाटाच्या एका कोपऱ्यात ठेवलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या कोपऱ्यात आकडा जरासा चुकला. त्यांनी खालचा स्क्रू केसभर फिरवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाय एकदम शांत.

“मधे बरोबर दाखवत होता की,” मी म्हटलं.

“मधे सगळेच काटे बरोबर दाखवतात,” ते मान वर न करता म्हणाले. “गिऱ्हाईक काय मधोमध नेम धरून पिशवी ठेवतं? कुठेही टाकतं. चारही कोपऱ्यांत आकडा तोच आला पाहिजे. नाहीतर काटा पास करत नाही मी.”

मी हातातला भाजीचा डबा कठड्यावर ठेवला. मला हे बोलावं की नाही कळेना; थोरले दीर, आणि विषय त्यांचा. पण ताईंनी डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं.

“भाऊजी, तो माइक तुम्ही कुठे कुठे ठेवलात?”

“आठ जागा मागतो तो. आठही दिल्या.”

“पण कुठल्या?”

“खुर्चीत. कानाच्या उजवीकडे, डावीकडे, जरा पुढे, जरा...” त्यांचा हात स्वतःच्या डोक्याभोवती वीतभर अंतरावर फिरत होता. फिरता फिरता तो थांबला.

“आणि ताई कुठे बसतात?”

 काट्यावर वजन तसंच कोपऱ्यात राहिलं. भाऊजी उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी मागे गेले तर ते सोफ्यावर, डाव्या कोपऱ्यात, भिंतीला खेटून बसलेले. हातात रिमोट. रविवारचाच सिनेमा, चौदावं मिनिट.

मीही शेजारी बसले. भिंतीतून काळ्या ठोकळ्याचा आवाज नुसता अंगावर येत होता, पोटात घुमत होता, आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी घोंगडीत तोंड घालून बोलत होतं. टीव्हीखालचा आडवा स्पीकर, बोलणं ज्यातून येतं तो, मी पहिल्यांदाच नीट बघितला. त्याच्या एका कडेखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. तो स्पीकर वळवून बरोबर भाऊजींच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेला होता.

भाऊजींनी तेच मिनिट तीनदा लावलं. मग म्हणाले, “इथे बसून ती अकरा वर्षं सिनेमे बघत होती?”

“अकरा नाही, आठच,” मी म्हटलं. “पुढची तीन स्वयंपाकघरात.”

ते उठले, पुठ्ठ्याची घडी काढली आणि खिशात घातली. 

पुढच्या रविवारी पुन्हा पंखा बंद, फ्रिज बंद, माझा कुकर खाली. या वेळी मात्र माप घ्यायच्या आधी त्यांनी ताईंना बोलावलं. “जरा बस तुझ्या जागी. कान कुठे येतो बघायचंय.”

ताई बसल्या. भाऊजी टेप घेऊन गुडघ्यावर आले, एक टोक जमिनीला, दुसरं ताईंच्या कानाशी.

“हलू नकोस.”

“मी कुठे हलतेय? हलणारे तुम्ही.”

टेप खरंच थरथरत होती. त्यांनी एकदा मान वळवून बाजूला श्वास सोडला, पितळी वजनांपाशी सोडतात तसा, आणि मग आकडा वाचला. काळा ठोकळा त्यांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढला होता. आठ जागांतल्या चार डाव्या कोपऱ्याला दिल्या, दोन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि खुर्चीच्या वाट्याला आल्या दोनच.

संध्याकाळी मला साक्षीदार म्हणून बसवलं. ताई कोपऱ्यात, भाऊजी खुर्चीत, मी मधे. नवा सिनेमा, कुणीच न पाहिलेला. माझं निम्मं लक्ष ताईंच्या ओठांवर. आठवं मिनिट गेलं. चौदावं गेलं. पडद्यावरचा म्हातारा तोंडातल्या तोंडात बोलणारा होता, मुद्दाम आमच्या परीक्षेला बसवल्यासारखा. ताई पुढे झुकल्या, पुन्हा मागे टेकल्या. अर्धा तास. तास. 

तासाभरानंतर कधीतरी ताईंनी तोंड उघडलं. भाऊजी खुर्चीत ताठ झाले.

“पंखा लावा हो,” ताई म्हणाल्या. “जीव गुदमरला.”

पंखा लागला. सिनेमा चालत राहिला आणि संपला. अक्षरं वर सरकायला लागली. मग ताईंनी उशी बाजूला ठेवली आणि भाऊजींकडे वळल्या.

“काय हो, शेवटी त्याने ते पत्र बहिणीला न देता फाडलं, ते बरोबर केलं का?”

भाऊजींनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी कपाळाला हात लावला. त्यांना पत्र ठाऊक नव्हतं आणि बहीणही. पावणेदोन तास ते फक्त सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होते.

“म्हणजे... काय म्हणाला होता तो?” त्यांनी विचारलं.

ताई एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसत म्हणाल्या, “पुढच्या रविवारी हाच पुन्हा लावा. आणि तेव्हा तुम्ही पुढे बघायचं. माझ्या तोंडावर काही सिनेमा चालू नसतो.”

मग जाता जाता त्या खिडकीपाशी थांबल्या. जमिनीवर पडलेली टेप उचलली, खिडकीखालची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली आणि बोटांवर काहीतरी हिशेब केला. भाऊजींच्या ते लक्षात यायला जरा वेळ लागला.

“अगं, पण अट...”

“मी येऊन बसेन म्हटलं होतं, बसेन. टेबल इथे मावतंय, तेवढं बघतेय.”

“तिथे टेबल आलं, त्यावर कापडाचे गठ्ठे आले, की खोलीचा सगळा आवाज बदलणार! सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतील.”

“घ्या की,” ताई म्हणाल्या. “मला पुन्हा बसवणार ना कान मोजायला?”

भाऊजींचा पाय केव्हाच हलायला लागला होता. ते उठले, ताईंच्या हातातली टेप घेतली आणि खिडकीखालची भिंत पुन्हा एकदा, स्वतः, मोजायला बसले.